पाकिटावर बीटी, बोंडात गुलाबी अळी: असं का होतं आणि आता काय करायचं

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीकडच्या काळ्या रानातला आहे. थोडक्यात असा: "मे महिन्यात बोअरच्या पाण्यावर बीजी-टू कापूस टोकला. दिवाळीपर्यंत झाड भरदार, बोंडं बाहेरून एकदम स्वच्छ. फोडून बघितली तर आत गुलाबी अळी. दुकानदार म्हणतो बियाणं ओरिजनल आहे. मग बीटी गेलं कुठं? औषधाचा डोस वाढवू का? लिफ्टचं पाणी आहे, फरदड ठेवली, म्हणजे हाच कापूस पाणी देऊन पुढे चालू ठेवला, तर नुकसान भरून निघेल का?"

आधी उत्तर, मग कारणं. दुकानदार बहुधा खरं सांगतोय. डोस वाढवून उपयोग नाही. आणि फरदड ठेवलीत तर यंदाचं नुकसान भरून निघणार नाही, पुढच्या वर्षीचं मात्र आत्ताच पेरलं जाईल. मेमधली लागवड हीसुद्धा या दुखण्याचा अर्धा भाग आहे, तिच्याकडे पुढे येतो.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिन्जिएन्सिस, मातीत सापडणारा एक जिवाणू. १९०१ मध्ये जपानमध्ये रेशीमकिडे पटापट मरायला लागले तेव्हा तो पहिल्यांदा हाती लागला. पुढे १९११ मध्ये जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात पिठातल्या पतंगाच्या अळीत पुन्हा सापडला आणि त्या प्रांताचं नाव त्याला चिकटलं. हा जिवाणू बीजाणू धरतो तेव्हा सोबत प्रथिनांचा एक स्फटिक तयार करतो. इंग्रजीतल्या 'क्रिस्टल'वरून या प्रथिनांना 'क्राय' म्हणतात. त्यांचा जीन कापसात घातला की झाड स्वतःच ही प्रथिनं बनवतं, तोच बीटी कापूस. त्याच्या बोलगार्ड-१ या पहिल्या प्रकारात क्राय-१-एसी हे एकच होतं. बोलगार्ड-२ मध्ये, म्हणजे आपण ज्याला बीजी-टू म्हणतो त्यात, क्राय-१-एसी आणि क्राय-२-एबी अशी दोन आहेत.

हे प्रथिन स्पर्शाने मारत नाही, वासाने मारत नाही. अळीने ते खावंच लागतं. अळीचं मधलं आतडं अल्कधर्मी असतं, सामू ९ ते ११ च्या घरात. तिथे प्रथिन विरघळतं, अळीचेच पाचकरस त्याचा नको तो भाग छाटून टाकतात आणि उरलेला भाग विष बनतो. हा तुकडा आतड्याच्या पेशींवरच्या ठराविक जागी जाऊन बसतो. कॅडहेरिन नावाचं प्रथिन ही त्यातली सर्वांत महत्त्वाची जागा. ही जागा म्हणजे कुलूप आणि विष म्हणजे किल्ली. किल्ली बसली की पेशीला भोकं पडतात, पाणी आत शिरतं, पेशी फुगून फुटतात. अळी काही तासांत खाणं थांबवते आणि दोन-तीन दिवसांत मरते. माणसाच्या पोटात आम्ल असतं आणि ही कुलपंही नसतात, म्हणून सरकीच्या तेलाची भीती बाळगायचं कारण नाही.

आता गुलाबी अळीने काय केलं? किल्ली तीच आहे, अळीने कुलूप बदललं. कॅडहेरिनच्या जीनमध्ये बिघाड झालेल्या अळ्यांमध्ये क्राय-१-एसी नीट चिकटतच नाही. क्राय-२-एबीचं कुलूप वेगळं आहे, एबीसीए-२ नावाचं वाहक प्रथिन. त्यातही बिघाड झालेल्या अळ्या भारतातल्या शेतांतून सापडल्या आहेत. म्हणजे पान, पातं (फुलाची कळी), बोंड सगळीकडे विष आहे, अळी ते खातेय आणि तरी तिला काही होत नाही. डोस वाढवण्याचा प्रश्नच इथे निकाली निघतो. झाडातला डोस तुमच्या हातात नाही, आणि कुलूप नसलेल्या दारावर दहा किल्ल्या आणल्या तरी काय होणार?

हे एका रात्रीत झालेलं नाही. भारतात बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये मंजुरी मिळाली, पहिल्या राज्यांत कर्नाटकही होतं. बोलगार्ड-२ आलं २००६ मध्ये. गुजरातमधल्या अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या जिल्ह्यांत गुलाबी अळी क्राय-१-एसीला दाद देत नाही हे मार्च २०१० मध्ये जाहीर झालं. पुढच्या चार-पाच वर्षांत क्राय-२-एबीही ढासळलं आणि २०१७ ला विदर्भात गुलाबी अळीने बीटी कापसाचं जे मोठं नुकसान केलं ते सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचलं. इथे एक चूक नीट लक्षात घ्यायला हवी. दोन विषं एकत्र देण्याचा फायदा दोन्ही धारदार असतात तेव्हाच होतो, कारण एकातून सुटलेली अळी दुसऱ्यात सापडते. आपल्याकडे दुसरं विष आलं तेव्हा पहिल्याची धार जात होती, आणि एकच विष असलेलं वाणही शेजारच्या रानात चालूच होतं. क्राय-२-एबीला एकट्यालाच ओझं ओढावं लागलं.

प्रतिकार कसा पसरतो ते गणितात बघू. समजा हजारात एका जीनमध्ये बिघाड आहे. पतंगाकडे प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात. दोन्ही प्रती बिघडलेला पतंग तेव्हा दहा लाखांत एक, आणि एकच प्रत बिघडलेला पाचशेत एक. झाडातलं विष भरपूर असेल तर एका प्रतीवाला मरतो, दहा लाखांतला तो एकटाच वाचतो. त्याला जोडीदार म्हणून जवळच्या नॉन-बीटी ओळींतून आलेला साधा पतंग मिळाला, तर पिल्लं सगळी एका प्रतीची, आणि ती पुन्हा बीटीवर मरतात. 'रेफ्युजी'चा म्हणजे आश्रय ओळींचा हिशेब एवढाच होता. नियम होता क्षेत्राच्या २० टक्के किंवा भोवतीने ५ ओळी, यातलं जे जास्त असेल ते. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं छोटं पाकीट त्यासाठीच यायचं. ते बहुतेकांनी बांधावर टाकलं, गुरांना घातलं किंवा दुकानातच सोडलं. आता ४७५ ग्रॅमच्या पाकिटात नॉन-बीटी बी मिसळूनच येतं, म्हणजे टाकून देण्याची सोयच ठेवलेली नाही.

मात्र सगळं खापर शेतकऱ्याच्या डोक्यावर फोडणं हा अर्धवट हिशेब आहे. आपल्याकडचा कापूस संकरित, आणि संकरित वाणात बीटी जीन बहुधा एकाच पालकाकडून आलेला असतो. झाड बीटी असतं, पण त्या झाडाच्या बोंडातल्या सरक्या वाटणीत वेगवेगळ्या निघतात. दोन जीन स्वतंत्रपणे वाटले जातात असं धरलं तर १६ सरक्यांत साधारण ९ मध्ये दोन्ही विषं, ३ मध्ये फक्त पहिलं, ३ मध्ये फक्त दुसरं आणि एकीत काहीच नाही. आता बघा, गुलाबी अळी पान खात नाही, तिला सरकीच हवी असते आणि तिचं एका सरकीवर भागतही नाही. म्हणजे एकाच बोंडात तिला बिनविषारी घास, अर्धा विषारी घास आणि पूर्ण विषारी घास असं ताट वाढून मिळतं. प्रतिकाराची तालीम घ्यायला याहून चांगला आखाडा शोधून सापडणार नाही. सरळ वाणात, जिथे दोन्ही पालकांकडून जीन येतो, सगळ्या सरक्या विषारी असतात. अमेरिकेत असे सरळ वाण होते, शिवाय नपुंसक केलेले पतंग सोडणे आणि गंधाने नर भरकटवणे यांची जोड दिली, आणि २०१८ मध्ये तिथे गुलाबी अळीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. चीनमध्ये उलटीच गंमत झाली. तिथल्या शेतकऱ्यांनी संकरिताच्या दुसऱ्या पिढीचं बी पेरलं, त्यातून चौथा हिस्सा झाडं आपोआप नॉन-बीटी निघाली, आणि वाढत चाललेला प्रतिकार मागे फिरला. बोंडाच्या आत सरक्यांची सरमिसळ घातक ठरते, शेतात झाडांची सरमिसळ तारक ठरते.

मग हिरवी बोंडअळी, जिला अमेरिकन बोंडअळी म्हणतात, ती अजून बीटीवर बऱ्यापैकी का मरते? कारण तिला कापसाशिवाय तूर, हरभरा, मका, जोंधळा, टोमॅटो असं काहीही चालतं. आपल्या अथणी, सौंदत्ती, बैलहोंगल पट्ट्यात कापसाच्या शेजारी तूर आणि पुढे हरभरा असतोच. तिथे साधे पतंग तयार होत राहतात, फुकटचा आश्रय. गुलाबी अळी जवळपास फक्त कापसावर जगते. पहिलं शास्त्रीय वर्णनसुद्धा १८४३ मध्ये भडोचच्या कापसावरून आलेल्या नमुन्यांवर झालं, म्हणजे ती आपल्याच मुलखातली जुनी भाडेकरू. तिच्यासाठी सगळं रान बीटी केलं की साधा पतंग यायचा कुठून? यातूनच तिची दुखरी नसही कळते. कापूस नसेल तेव्हा ती उपाशी. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

पण आधी खात्री करा की अळी गुलाबीच आहे. लहान अळी पांढरट असते, डोकं तपकिरी-काळं. गुलाबी रंग नंतर चढतो. बोंडाला बाहेरून मोठं भोक, भोकाशी ओली विष्ठा आणि अळीचं अर्धं अंग बाहेर दिसत असेल तर ती हिरवी बोंडअळी. गुलाबी अळी अंड्यातून निघाल्यावर दिवस-दोन दिवसांत कोवळ्या बोंडात शिरते, आणि शिरलेलं छिद्र बोंड वाढताना बुजून जातं. म्हणून तुमची बोंडं बाहेरून स्वच्छ दिसली. शिरल्याची खूण आत असते: बोंडाच्या सालीच्या आतल्या बाजूला बारीक बोगदे आणि मस्से. फुलात शिरली तर पाकळ्या एकमेकींना चिकटून फूल उमलतच नाही, त्याला डोमकळी म्हणतात. सरक्या दोन-दोन चिकटून निघाल्या तर अळी आत झोपलेली असते.

तपासणी अशी करा. एकरातून नागमोडी चालत २० झाडं निवडा आणि प्रत्येकाचं एक हिरवं बोंड तोडा. बोंड साधारण १५ ते २० दिवसांचं, बोटाने दाबलं तर किंचित दबणारं हवं. जून कडक बोंड नको आणि सुपारीएवढं कोवळंही नको. सगळी फोडा. दोनांत जिवंत अळी निघाली म्हणजे १० टक्के, फवारणीची वेळ झाली. फुलांच्या काळात १०० फुलं मोजा, १० डोमकळ्या असतील तर तेच. ही तपासणी दर आठवड्याला. कडेच्या ओळीत उभं राहून "आपल्यात काय नाही" म्हणणं म्हणजे तपासणी नव्हे.

बियाण्याचाच संशय असेल तर त्याचीही चाचणी आहे. बीटी प्रथिन ओळखणारी पट्टी मिळते, गरोदरपणाच्या चाचणीसारखी. शेंड्याच्या कोवळ्या पानाचा छोटा तुकडा नळीत घेऊन सोबतच्या द्रावणात रगडायचा, पट्टी बुडवायची, दहा मिनिटांत रेघा उमटतात. एक रेघ पट्टी चालू असल्याची, बाकीच्या प्रथिनांच्या. जुनं पान घेऊ नका, त्यात प्रथिन कमी असतं आणि उगाच दुकानदाराशी भांडण होतं. किमान २० झाडं तपासा. त्यात एक-दोन झाडं कोरी निघणं हे मिसळलेल्या आश्रय बियाण्यामुळे अपेक्षितच आहे. दहा कोरी निघाली तर मात्र बियाण्यात खोट आहे. रयत संपर्क केंद्रात बिल, पाकीट आणि उरलेलं बी घेऊन लेखी तक्रार द्या. म्हणून पाकीट आणि मूठभर बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवायचं असतं. तणनाशक-सहनशील म्हणून बिनबिलाची पाकिटं सीमेच्या दोन्ही बाजूंना फिरतात. ती भारतात मंजूर नाहीत, तणनाशक सोसण्याचा गुलाबी अळीशी काही संबंध नाही, आणि बिल नसल्यामुळे तक्रारीची वाटही बंद.

झाडातलं प्रथिन वयाप्रमाणे घटतं हेही खरं आहे. नव्वद-शंभर दिवसांनंतर पातळी उतरते. पानात जास्त, पात्यात-फुलात-बोंडाच्या सालीत कमी. नत्राची तूट, पाण्याचा ताण किंवा रानात पाणी साचणं यांनी ती आणखी घसरते. काळ्या रानात सप्टेंबरच्या पावसात चर काढून पाणी बाहेर न काढणारे इथेच मार खातात. पण हे वाचून युरियाची पोती ओतू नका. लुसलुशीत झाड उशिरापर्यंत फुलत राहतं, आणि उशिराचं फूल म्हणजे गुलाबी अळीचा पाळणा.

आता मेमधल्या लागवडीकडे. आदल्या हंगामातली शेवटची अळी झोप काढून पहिल्या पावसांच्या ओलीने जागी होते, कोष करून पतंग बनते. त्या वेळी रानात पाती-फुलं नसली तर ती पतंगं अंडी घालायला जागा न मिळता मरून जातात. कापूस जूनच्या पावसावर पेरलेला असेल तर पहिली पाती दिसेपर्यंत जुलैचा शेवट उजाडतो, आणि तोवर बराच लोंढा फुकट मरतो. मेमध्ये बोअरवर लावलेल्या कापसाला नेमकं जून-जुलैत पातं येतं. म्हणजे आपण स्वतःच्या पाण्याने त्यांच्यासाठी जेवण मांडून ठेवतो. तिथे एक पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते: अंडी ३ ते ५ दिवस, अळी दोन-तीन आठवडे, कोष आठवडा-दीड आठवडा. मेच्या एका शिवारातून निघालेली पतंगं ऑगस्टमध्ये शेजारच्या जूनच्या कापसावर उतरतात. म्हणून लागवड जूनचा पहिला पंधरवडा ते जुलैच्या मध्यापर्यंत, चांगल्या ओलीवर, आणि शक्य असेल तर सगळ्या शिवाराची एकाच पंधरवड्यात. वाण निवडताना १५० ते १६० दिवसांत मोकळा होणारा घ्या. दोनशे दिवस उभं राहणाऱ्या झाडाचं कौतुक आता परवडत नाही.

कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) ४५ दिवसांपासून लावा, नुसती नजर ठेवायला एकरी २, पतंग धरायला एकरी ८ ते १०. कन्नड दुकानात 'मोहक बले' म्हणून मागा, आणि आतली गंधाची गोळी 'गुलाबी कायिकोरक'चीच, म्हणजे गुलाबी अळीचीच आहे ना ते बघून घ्या. हिरव्या अळीची गोळी गुलाबीच्या सापळ्यात लावून "पतंगच नाहीत" म्हणणारे कमी नाहीत. गोळीला तंबाखूचा, अत्तराचा हात लावू नका. सापळा पिकाच्या शेंड्यापासून फूटभर वर, पीक वाढेल तसा वर सरकवा. गोळी तीन-चार आठवड्यांनी बदला, उरलेल्या फ्रीजमध्ये. रोज सकाळी मोजा: एका सापळ्यात रात्रीला ८ पतंग, तेही सलग तीन रात्री, ही धोक्याची रेघ. गंधाने नरांना भरकटवणाऱ्या दोऱ्या निघाल्या आहेत, एकरी साधारण १६० झाडांना बांधायच्या. त्या चांगल्या चालतात, पण एकट्याने दोन एकरात बांधून उपयोग नाही, कारण बाहेर गाभण राहिलेली मादी उडून येते. सलग पंचवीस-तीस एकराचा तुकडा जमला तरच पैसे घाला.

फवारणीचा क्रम. पातं लागताना, साधारण ६० दिवसांच्या आत-बाहेर, पाच टक्के निंबोळी अर्क (५ किलो निंबोळी १०० लिटरला) किंवा १५०० पीपीएमचं अझाडिरॅक्टिन लिटरला ५ मिली. याच काळात ट्रायकोकार्ड (यातून निघणाऱ्या बारीक गांधीलमाश्या पतंगाची अंडी संपवतात), एकरी ६० हजार अंडी म्हणजे साधारण ३ कार्डं, पानांच्या खालच्या बाजूला, संध्याकाळी. कार्ड लावल्यावर आठवडाभर रासायनिक औषध नाही, नाहीतर कार्डाचे पैसे गेले. डोमकळ्या तोडून पिशवीत गोळा करा आणि जाळा किंवा पुरा. बांधावर टाकलेल्या डोमकळीतली अळी आरामात कोष करते. सापळ्यातली किंवा तपासणीतली मर्यादा ओलांडली तर प्रोफेनोफॉस ५० टक्के लिटरला २ मिली, पुढची गरज पडली तर गट बदलून इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के लिटरला ०.४ ते ०.५ ग्रॅम किंवा इंडोक्साकार्ब १४.५ टक्के लिटरला १ मिली. १५ लिटरच्या पंपाला हिशेब करून चिठ्ठी पंपालाच चिकटवा. सायपरमेथ्रिन, लॅम्डा यांसारखी पायरेथ्रॉइड औषधं नोव्हेंबरच्या आधी नकोत. ती मारलीत की आठवड्या-दोन आठवड्यांत पांढरी माशी पानाखाली पीठ सांडल्यासारखी दिसेल.

औषध लागू पडत नाही याचं मुख्य कारण औषध नसतं, वेळ असते. मादी अंडी बोंडाच्या बुडाशी, पाकळीसारख्या आवरणाखाली घालते. अळी बाहेर आली की आत शिरेपर्यंत जेमतेम एक-दोन दिवस उघड्यावर. त्यानंतर तिच्या डोक्यावर लाकडासारखी साल असते, वर कितीही महाग औषध ओता. म्हणून बोंडात अळी दिसेपर्यंत थांबण्यापेक्षा सापळ्यात पतंग वाढले की लगेच फवारणी करायची. भरलेल्या पिकाला एकरी २०० लिटरच्या आसपास पाणी लागतं; सहा पंपांत एकर उरकणाऱ्याचं औषध वरच्या पानांवरच राहतं. दोन-तीन औषधं एका बादलीत कालवणं बंद करा. २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधेने माणसं गेली. उंच वाढलेल्या दाट कापसात डोक्याच्या उंचीवर फवारा, दुपारची उकाड, उघडं तोंड आणि कालवलेली औषधं, एवढं पुरतं.

फरदडीचा प्रश्न. नोव्हेंबर-डिसेंबरात दिवस लहान आणि रात्री गार झाल्या की अळीची शेवटची पिढी सरकीत, पडलेल्या पात्यांत, उरलेल्या कवड्यांत (नीट न उमललेल्या किडक्या बोंडांत) झोपायला जाते. तुम्ही डिसेंबरात पाणी दिलं की झाडाला पुन्हा पाती फुटतात. त्या वेळी झाडात विष सर्वांत कमी आणि रानात प्रतिकारक अळ्या सर्वांत जास्त. त्यातून जो कापूस निघतो तो कवडीचा, पिवळट, दर पाडलेला. वेचणीची मजुरी वजा केली तर हातात राहतं ते फार नाही, आणि त्याच्या बदल्यात फेब्रुवारी-मार्चपर्यंत अळीची एक-दोन जादा पिढ्यांची सोय होते. लिफ्टचं पाणी आहे ना? मग डिसेंबरच्या अखेरीला शेवटची वेचणी करून जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात रान मोकळं करा आणि त्याच पाण्यावर उन्हाळी भुईमूग धरा. भेंडी मात्र धरू नका, ती कापसाच्याच कुळातली, अडल्या वेळी गुलाबी अळीला चालते.

रान मोकळं करताना आधी धनगराची मेंढरं बसवा. हिरवी उरलेली बोंडं, पाती, कवड्या ती जितक्या बारकाईने खातात तितकं काम मजुराकडून होत नाही, आणि खत वर. मग पऱ्हाट्या (कापसाची उरलेली झाडं) मुळासकट काढा किंवा श्रेडरने बारीक करून रानातच गाडा. चुलीला म्हणून परसात रचून ठेवलेली पऱ्हाटीची गंज ही पुढच्या जूनची पतंगांची खाण आहे. ठेवायचीच तर मार्चच्या आत जाळून संपवा. मार्च-एप्रिलमध्ये खोल नांगरट, म्हणजे कोष उन्हात आणि बगळ्यांच्या चोचीत जातात.

प्रश्नाबाहेरचं पण जवळचं थोडं. बेळगाव तालुक्यात, कडोली-उचगाव बाजूला कोबी घेणाऱ्यांनी एकाच विषावर विसंबण्याची हीच चूक दुसऱ्या रूपात करू नये. तिथे बीटी झाडात नसतं, पावडर म्हणून फवारतात. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगाने तर बीटी कापूस येण्याआधीच, हवाईच्या शेतांत, बीटीच्या फवारणीला प्रतिकार केल्याचं १९९० मध्ये नोंदलं गेलं. लिटरला १ ते २ ग्रॅम, संध्याकाळी, कारण उन्हात विष तुटतं. पानावर मेण असतं म्हणून चिकटद्रव्य हवंच. अळी लहान असतानाच मारा, आणि लागोपाठ दोनदाच, मग गट बदला. कोबीच्या दर २५ ओळींनंतर मोहरीच्या दोन ओळी ठेवा, एक लावणीच्या १५ दिवस आधी पेरलेली आणि दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी. पतंग मोहरीवर अंडी घालतो आणि तिथेच त्याला गाठता येतं. जवळ तुतीची लागवड आणि रेशीमकिडे असतील तर बीटीचा पंप तिकडे फिरकू देऊ नका. हा जिवाणू सापडला तोच मुळी मेलेल्या रेशीमकिड्यात.

वांग्याबद्दल विचारणारे असतात म्हणून एक ओळ. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने बीटी वांग्याचे जे वाण तयार केले त्यांत आपल्या रायबाग तालुक्यातल्या कुडचीचं 'कुडची लोकल'ही होतं. फेब्रुवारी २०१० पासून बीटी वांग्याला स्थगिती आहे, त्यामुळे बाजारात बीटी वांगं म्हणून कोणी बी देत असेल तर घेऊ नका. मक्यातही भारतात बीटीला मंजुरी नाही. म्हणून २०१८ ला शिवमोग्याकडून आलेल्या मक्यावरच्या लष्करी अळीला पोंग्यातच गाठावं लागतं.

शेवटी कापूस घरात साठवणाऱ्यांसाठी. दर वाढेल म्हणून फेब्रुवारी-मार्चपर्यंत कापूस खोलीत ठेवलात तर सरकीतल्या अळ्या उष्म्याने जाग्या होतात आणि पतंग खिडकीतून थेट रानाकडे जातात. ठेवायचाच असेल तर त्या खोलीत, आणि बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या जिनिंगच्या आवारात, सापळे लावा आणि सरकी लवकर गाळायला पाठवा. खोलीच्या आतल्या सापळ्यात मार्चमध्ये किती पतंग पडले ते वहीत लिहून ठेवा. जूनमध्ये लागवड कधी करायची ते ठरवताना तो आकडा समोर हवा.